बशीतली गोळी

आमच्या भागात पत्रिकेवर छापलेली लग्नाची वेळ ही मुलीकडच्यांनी केलेली प्रार्थना समजावी. नवरदेव आधी मारोतीच्या देवळात जाऊन बसतो. तिथून त्याचा परण्या, म्हणजे वाजतगाजत येणारी मिरवणूक, मांडवाकडे निघतो. अंतर एवढंसं असतं, पण नवरदेवाच्या दोस्तांना डीजेपुढे नाचत ते कापायला दुपार उलटते. इकडे मांडवात लोक अक्षता मुठीत धरून बसलेले, आणि घामानं त्या अक्षतांचा भात व्हायच्या बेतात. अशा वेळी एक माणूस माईक घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, नवरदेवाला नम्र विनंती, त्यांनी ताबडतोब मांडवात यावं, मुहूर्त टळत आहे.

तो माणूस मी.

मानोऱ्याजवळच्या एका लहान गावात माझी शेती आहे. सोयाबीन, तूर, पाणी पुरलं तर हरभरा. पण आसपासच्या गावांत मला शेतकरी म्हणून कोणी ओळखत नाही. माईकवाला म्हणून ओळखतात. या कामाचं मी कधी काही घेतलं नाही. शेवटी मांडवात बोलावून टॉवेल-टोपी देतात, तेवढीच. आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणावा लागला नाही. पहिली हाक मी अगदी सभ्यपणे देतो. दुसरीत थोडी काकुळती येते. तिसरीला नवरीच्या मामाला भुकेनं चक्कर आणतो. त्यावरही परण्या हलला नाही तर वरणाला, भाताला, आचाऱ्याला आणि डोक्यावरच्या सूर्याला एकेक करून साक्षीला उभं करतो. लोक पोट धरून हसतात आणि उशीर विसरतात. नवरदेव यायचा तेव्हाच येतो, पण मला आपलं वाटायचं की मी ओरडलो म्हणून आला.

माझ्या थोरल्या भावाला एकुलती एक मुलगी. लहान होती तेव्हा ती माझ्याबरोबर लग्नांना यायची आणि माईकची वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ती धरून बसायची. तेव्हाच तिनं मला बजावून ठेवलं होतं की तिच्या लग्नात दुसरा कोणी माईकवाला चालणार नाही. मीही छाती पुढे काढून कबूल केलं होतं की तुझ्या नवरदेवाला अशी हाक मारीन की तो घोडा सोडून पायी पळत येईल. गेल्या दिवाळीनंतर तिचं केनवडला जमलं. लग्न वैशाखात ठरलं. आणि त्याच थंडीत माझा आवाज बसला.

आधी वाटलं, सोयाबीनच्या मळणीची धूळ. ज्येष्ठमध चघळून झाला, हळदीचं दूध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. आवाज वर यायचं सोडून खाली खाली गेला, विहिरीत उतरून बोलल्यासारखा. त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही खाली गेलं होतं, पण माझं सगळं लक्ष आवाजाकडे. दोन स्वेटर घालून मी शेकोटीशी बसायचो आणि शेकोटी विझली तर राखेशी बसून राहायचो. सकाळी चेहरा सुजलेला असायचा. बसल्या जागी डोळा लागायचा. बोलताना पुढचा शब्द यायचा, पण चढावर सायकल ढकलत आणल्यासारखा, दमून. बायको म्हणाली, तुम्ही आता म्हातारे व्हायला लागले. मी म्हटलं, मग तू कशी नाही होत? त्यावर तिनं जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

पोहरादेवीच्या रस्त्यावरच्या एका गावात लग्न होतं. परण्या नेहमीप्रमाणे अडकलेला. मी माईक घेतला. नवरदेवाला, म्हटलं, आणि थांबलो. नम्र, म्हटलं, आणि पुन्हा थांबलो. जीभ तोंडात मावत नव्हती. लोक हसले, कारण मी असली नाटकं करतो हे सगळ्यांना ठाऊक. मी आणखी एक शब्द काढला तेव्हा हसणं जरा कमी झालं. मग एकदम बंद झालं. कोणीतरी माझ्या हातातून माईक काढून घेतला, फार हळुवारपणे. ती हळुवारपणाची गोष्ट मला अजून आठवते. हिसकावून घेतला असता तर बरं वाटलं असतं.

माझ्याआधी माझी बातमी गावात पोचली होती. सुजलेलं तोंड, जड जीभ, भरदिवसा झोकांड्या देणारी वाक्यं. लोकांनी दोन आणि दोन चार केले आणि ठरवलं की मी पिऊन आलो होतो. माझ्यासारख्या माणसावर हा आळ म्हणजे कमाल होती. मला आयुष्यात दोनच व्यसनं, एक माईक आणि दुसरं चहा. पण त्या मांडवात केनवडचे पाहुणेही होते, आणि त्यांतले एक म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाचे काका.

भाऊ संध्याकाळी आला. तो कमी बोलणारा माणूस. घरात बोलण्याचा सगळा वाटा मीच घेतला, त्याला काही उरलंच नाही. बाजेवर बसून त्यानं बराच वेळ पायातली चप्पल काढली-घातली. मग म्हणाला, "लगनात तू आराम कर. वाशीमचा एकजण सांगून ठेवला हाये. कोट घालते, शायरी म्हणते."

मी म्हटलं, "दादा, तुले बी वाटते मी पेलो होतो म्हणून?"

तो म्हणाला, "मले नाही वाटत. केनवडवाल्याईले वाटते. पोरगी त्याईच्या घरात नांदाची हाये."

दारात पुतणी उभी होती. माझी नजर चुकवून ती उंबऱ्यावरची धूळ पायाच्या अंगठ्यानं सारखी करत राहिली. जिचा मी आयुष्यभर लाडका माईकवाला, तिच्या सासरी तिला आता दारुड्या काकाची पुतणी म्हणून जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला मानोऱ्याला दवाखान्यात नेलं. मी डॉक्टरीणबाईंना आवाजाची हकिकत सांगायला लागलो, रंगवून, पण दमत दमत. त्यांनी ती अर्ध्यावर थांबवली आणि बाकीचंच विचारलं. थंडी फार वाजते का, पोट साफ होतं का, वजन वाढलं का, झोप किती. हाताची कातडी चोळून पाहिली. गळ्यावर बोटं ठेवून घोट गिळायला लावला. गुडघ्यावर लहानसा हातोडा मारला तेव्हा माझा पाय उडाला खरा, पण परत खाली यायला त्यानं जरा वेळ घेतला, जसा काही विचार करत होता. त्या म्हणाल्या, थायरॉईडची रक्ततपासणी करू.

रक्त दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आला आणि मी तो घेऊन सरळ पानठेल्यावर गेलो. आमच्या पानठेल्यावर गावातले सगळे रिपोर्ट वाचले जातात. ठेलेवाला माझा शाळेपासूनचा मित्र. गावातल्या निम्म्या लोकांची साखर त्याला तोंडपाठ आहे. त्यानं चुन्याचं बोट पुसून मोबाईल हातात घेतला. तीन ओळी होत्या. टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच. पहिल्या दोघांकडे त्यानं लक्षच दिलं नाही, कारण तिसऱ्या ओळीतला आकडा ठळक छापलेला होता, नेहमीच्या हद्दीच्या कितीतरी बाहेर, आणि शेजारी इंग्रजीत तो जास्त असल्याची खूण. त्यानं निकाल दिला की थायरॉईड वाढलं. मी घरी पोचेपर्यंत समोरच्या घरातल्या वहिनींनी बायकोला विचारलंही होतं की भाऊजींचं थायरॉईड किती वाढलं.

वाढलंय तर कमी करायचं. साखरेचं तसंच असतं, सगळ्यांना माहीत आहे. मी भात सोडला, गूळ सोडला, भाकरी अर्धी केली. उपाशी राहून आणखी मंद झालो आणि मग पुन्हा दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, वाढलेलं थायरॉईड खाली आणायची सोय सांगा.

त्या म्हणाल्या, तुमचं थायरॉईड वाढलेलं नाही. कमी पडलंय.

मी मोबाईल पुढे केला. मग त्यांनी टेबलावरच्या कागदावर एक मान काढली, मानेत फुलपाखरासारखं काहीतरी, आणि वर डोक्यात एक ठिपका. हे फुलपाखरू म्हणजे थायरॉईडची ग्रंथी. ती टी-फोर बनवते, म्हणजे साठ्याचा माल, आणि थोडं टी-थ्री, म्हणजे वापरायचा माल. अंगाची ऊब, पोटाचं चालणं, जिभेचा वेग, सगळं त्या मालावर चालतं. आणि डोक्यातला तो ठिपका टीएसएच पाठवतो. टीएसएच हा मालच नव्हे. ती मागणी आहे. फुलपाखरू नीट काम करत असेल तर वरून मागणी थोडी येते. फुलपाखरू ढिलं पडलं की मागणी वाढते. तुमचा माल कमी झालाय, म्हणून मागणीचा आकडा एवढा मोठा झालाय.

मी तो कागद पाहत बसलो. आणि त्या थंड, सुजलेल्या, मंद अवस्थेत पहिल्यांदा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे मेंदूत माईकवाला बसला हाये."

त्या म्हणाल्या, कसला माईकवाला?

मी त्यांना समजावून सांगितलं. नवरदेव मारोतीपाशी अडकलाय. मांडवात माईकवाला उभा. नवरदेव जितका उशीर करतो तितका तो जोरात ओरडतो. बाहेरच्या माणसाला नुसता माईक ऐकू येतो आणि वाटतं, काय जोरात चाललंय लग्न. खरं म्हणजे लग्न लागतच नाहीये. टीएसएच म्हणजे माईकचा आवाज, टी-फोर म्हणजे नवरदेव.

डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांनी कागद जवळ ओढला आणि डोक्यातल्या ठिपक्याच्या हातात एक माईक काढून दिला. म्हणाल्या, आता हे मी सगळ्यांना असंच सांगणार. बायको मात्र हसली नाही. ती कागदाकडे बघत म्हणाली, म्हणजे हे पेले नव्हते. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, नाही हो, याचा दारूशी काय संबंध.

ते ऐकून मला काय वाटलं हे नीट सांगता येत नाही. लोकांचं सोडा, त्या महिन्यांत माझाच माझ्यावरचा भरवसा गेला होता. आपण आळशी झालो, आपल्यातली गंमत संपली, वय झालं, असं मी मनात कबूल करून टाकलं होतं. शरीर आतून इतकं चोरपावलांनी हळू होतं की आपल्याला वाटतं, हा आपला स्वभावच. मी तर त्या मंदपणाला शहाणपण समजायला लागलो होतो. माणूस पोक्त झाला की कमी बोलतो, असं म्हणून स्वतःची समजूत काढत होतो. आणि ते सगळं पोक्तपण म्हणजे मानेतल्या एका फुलपाखरानं पंख मिटून घेतलेले.

गोळी सुरू झाली. पांढरी, एवढीशी, मसुरीच्या डाळीएवढी. रोज सकाळी अनशापोटी घ्यायची, बहुतेक जन्मभर. दीडेक महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं. मी म्हटलं, दर आठवड्याला तपासू, कळेल तरी. त्या म्हणाल्या, नवरदेव आला तरी माईकवाल्याला ते पटून तो गप्प व्हायला वेळ लागतो. लवकर तपासलं तर जुनंच ओरडणं ऐकू येईल. माझंच उदाहरण त्यांनी माझ्या गळ्यात घातलं.

वैशाख अजून लांब होता. मी मनात हिशेब मांडला, तोवर आवाज येतो. भावाला जाऊन सांगितलं की हा आजार आहे, याला औषध आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरं. केनवडवाल्यांना काय सांगायचं, रिपोर्ट मांडवाला चिकटवायचा का, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या बरं म्हणण्यात ते होतं.

होळीच्या सुमारास दुसरा रिपोर्ट आला. माईक जवळपास तेवढाच मोठा. टी-फोर किंचित हललं होतं, नवरदेव मारोतीच्या पायरीवरून फक्त उठून उभा राहिला होता असं म्हणा. आवाज तसाच विहिरीतला. डॉक्टरीणबाई रिपोर्टकडे पाहत राहिल्या. गोळीचा डोस वाढवायला त्यांनी पेन उचललं, आणि मग खाली ठेवलं. गोळी चुकते का? बायको म्हणाली, एक दिवस चुकत नाही, मी स्वतः देते. कशी घेता ते सांगा, त्या म्हणाल्या.

आता मला करून दाखवा असं कोणी म्हटलं नव्हतं. पण सांगा आणि करून दाखवा यात मी आयुष्यात कधी फरक केला नाही. मी उठलो. खुर्ची ओढून ओटा केला. डॉक्टरीणबाईंचं टेबल म्हणजे आमची बाज. दार उघडं होतं, बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. मी झोपेतून उठलो, जांभई दिली, पाय जमिनीला टेकवून भूमातेला नमस्कार केला. मग बायकोच्या आवाजात, तो मला माझ्यापेक्षा चांगला जमतो, आतून हाक दिली की उठा, चहा झाला. बाहेरून एक बाई हसली. बायको डोळे वटारून बघत होती. मी कपबशी हातात घेतली. कपातला चहा बशीत ओतला. बशीच्या काठावर बायकोनं ठेवलेली गोळी बोटानं आत ढकलली. फुंकर मारली, एकदा, दोनदा. बशी तोंडाला लावली आणि मोठ्ठा फुर्रकन घोट घेतला, डोळे मिटून, तृप्त.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"चहासोबत?" त्या म्हणाल्या. "दुधाच्या?"

बायको म्हणाली, "मंग कायसोबत? अनशापोटीच घेते ना हे. चहाच्या पह्यले काही खात नाही."

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला आम्ही मूर्ख वाटू. आमच्याकडे चहा पोटात धरत नाहीत. चतुर्थीला निर्जळी उपास करणारी बाईसुद्धा सकाळचा चहा घेते आणि उपास मोडत नाही. महालक्ष्म्यांचा नैवेद्य होईपर्यंत तोंडात घास नाही, पण चहा दोनदा होतो. पाहुण्याला विचारलं, काही घेतलं का, तर तो म्हणतो, सकाळपासून पोटात काही नाही, नुसता चहा. देव ज्याला खाणं मानत नाही ते गोळीनं कशाला मानावं? आणि ती चिमुकली गोळी पाण्यानं गिळायची म्हणजे घशाशी भांडण. बशीतल्या चहात ती कशी सुरेख विरघळून जायची. निम्मी तर बशीला चिकटून, राखेनं घासून, मोरीतून माझ्या शेवग्याच्या झाडाला जात होती. त्या उन्हाळ्यात तो शेवगा काय बहरला होता.

दूध त्या गोळीला धरून ठेवतं, अंगात शिरू देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. परण्याला वाटेतच पंगतीला बसवल्यासारखं, हे मी मनातल्या मनात जोडलं. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग तासभर काही नाही. चहाही नाही. त्यांनी ते वाक्य तीनदा म्हटलं. डोस वाढवला नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बाईनं आत डोकावून विचारलं की तिनं चहानंतर लगेच घेतली तर चालेल का. तिलाही नाही म्हणून सांगण्यात आलं.

त्या तासाबद्दल मी स्वतंत्र लिहू शकेन. वऱ्हाडात सकाळी चहाशिवाय बसलेला माणूस म्हणजे सुतकातला माणूस. शेजारी येऊन बसायचे, त्यांना चहा यायचा, मला नाही. बायकोशी अबोला आहे असं एकानं ठरवलं आणि मध्यस्थी करायला आपल्या आईला घेऊन आला. मी बायकोला म्हटलं, तू तरी माझ्यासाठी थांब. ती म्हणाली, म्या कायले थांबू, माहं फुलपाखरू उडून राह्यलं ना. आणि माझ्यासमोर बसून, माझ्यापेक्षा मोठा फुर्रकन आवाज काढून, तिनं बशी रिकामी केली.

पण त्या बिनचहाच्या तासात मला एक सवय लागली. करायला काही नाही, बोलायला आवाज नाही, म्हणून मी ऐकत बसायचो. पुतणी त्या दिवसांत सकाळी यायची. तिला सासरची धास्ती होती हे मला तेव्हा कळलं. एरवी मी तिला एवढं हसवायचो की तिला ते सांगायला जागाच मिळाली नसती. मीही तिला माझ्या रिपोर्टची सगळी कथा सांगितली, बेताच्या आवाजात, थांबत थांबत. मेंदूतला माईकवाला, मारोतीपाशी अडकलेला नवरदेव. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत राहिली, जशी वायर धरून बसायची तशी. शेवटी म्हणाली, "मंग काका, पह्यल्या हाकीले जो येते त्याची तब्येत चांगली?"

मी म्हटलं, तेच. माईकवाल्याला ओरडावंच लागू नये, म्हणजे तब्येत.

ऊन तापायला लागलं आणि एका सकाळी मला जाणवलं की स्वेटर अंगावर नाही आणि तो कधी काढला ते आठवत नाही. बैलांना हाक मारली तर ती शेताच्या पलीकडच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेली. लग्नाच्या आधी तिसरा रिपोर्ट आला. तिन्ही ओळी हद्दीत. पानठेलेवाल्या मित्रानं पाहून सांगितलं की यात आता काही मजा राहिली नाही.

रिपोर्ट घेऊन मी भावाकडे गेलो. त्यानं तो पाहिलाच नाही. म्हणाला, बोल. मी म्हटलं, काय बोलू? तो म्हणाला, लगनात बोलते ते. मग मी त्याच्या अंगणात, कोंबड्यांच्या साक्षीनं, नवरदेवाला नम्र विनंती केली. भाऊ डोळे मिटून ऐकत होता. आवाज पूर्वीचा पुरता नव्हता, काठाला थोडी खरखर होती. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला की वाशीमवाला शायरी म्हणेल, त्याला आता नाही कसं म्हणणार. पण नवरदेवाला हाक तू मार.

एवढं पुरे होतं.

लग्नाच्या दिवशी केनवडची जीपगाड्यांची रांग आली. नवरदेवाचे काका उतरले आणि थेट माझ्याकडे येऊन मला कडकडून भेटले. वेळ जरा जास्तच लागला. त्यांचं नाक माझ्या तोंडाजवळ आलं, थांबलं, दुसऱ्या खांद्यावरून पुन्हा आलं. रक्त तपासून झालं होतं, ही तोंडाची तपासणी. मीही सहकार्य केलं. त्यांच्या तोंडावर भरपूर श्वास सोडून म्हटलं, पाहुणे, चहा घेतला का? मी आत्ताच घेतला, गोळीनंतर बरोबर तासानं. त्यांना थायरॉईडचं सांगितलं. ते एकदम मोकळे झाले आणि म्हणाले, आमच्या घरात बी हाये, माह्या बायकोले. मग आम्ही तिच्या गोळीबद्दल बोललो. ती चहासोबत घेत होती.

परण्या मारोतीपाशी होता. डीजे दणाणत होता. वाशीमच्या कोटवाल्यानं शायरी म्हणून झाल्यावर माईक माझ्या हातात दिला. मी थंडीपासूनचं साठवून ठेवलं होतं. मामाची चक्कर तयार होती. आचाऱ्याचे अश्रू होते. सूर्याला काय बोलायचं तेही ठरलेलं. भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, केनवडचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला आणि पहिली हाक दिली, सभ्य, हळू, एकेक शब्द सुटा.

"नवरदेवाला नम्र विनंती आहे, त्यांनी मांडवात यावं."

हाक संपली आणि डीजे बंद झाला. मला वाटलं, लाईट गेली. पण पंखे फिरत होते. मग लोकांनी माना वळवल्या. नवरदेव येत होता. घोडा मागे राहिला होता, दोस्त हातवारे करत मागे राहिले होते, आणि तो एकटा, फेटा सावरत, झपझप पायी चालत मांडवात शिरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला, शाळेत हजेरी दिल्यासारखा.

आमच्या भागात असं कधी घडलेलं नाही. मांडवात कोणाला काय करावं सुचेना. भटजी जेवणाची चौकशी करत होते, ते धावत आले. मी नवरदेवाला हळूच विचारलं, काय झालं, काही बिनसलं का?

तो लाजला आणि म्हणाला, "तिनं सांगतलं होतं फोनवर. काकाले दुसरी हाक माराले लावली तं पाह्यजो म्हणे."

मी अंतरपाटाकडे पाहिलं. नवरी उभी होती, मुंडावळ्यांच्या आड. लहानपणी वायर धरून बसायची तशीच मान खाली घालून, पण हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

माझ्या पोटात एवढ्या हाका साठलेल्या. मामा बिनचक्करीचे बसलेले. आणि ती मला ओरडूच देत नव्हती. केनवडच्या काकांनी समाधानानं मान हलवली. भावाचे डोळे भरून आले होते, तो खांबाकडे तोंड करून उभा राहिला. मी नवरदेवाकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, माईककडे पाहिलं. तब्येत चांगली आहे म्हणजे गप्प बसावं, एवढं मला या आजारात कळलं होतं. पण कळणं वेगळं.

मी माईक तोंडाशी आणला आणि समोर उभ्या असलेल्या नवरदेवाला, त्याच्या फेट्याकडे बघत, फार मोठ्या काकुळतीनं दुसरी हाक दिली.